घर पहावें वाचून

‘घर पहावें बांधून’ ही आपली जुनी म्हण. बांधल्याखेरीज घराचा खर्च आणि खटाटोप कळत नाहीं, हा तिचा आशय. तिला आज मी एक पुरवणी जोडूं इच्छितों: घर पहावें वाचून. कविता वाचतांना आपण अर्थ लावतों, गुणदोष पाहतों; परंतु ज्या इमारतींत आपलें आयुष्य जातें, तिच्याविषयीं ‘छान आहे’ किंवा ‘बरी नाहीं’ यापलीकडे आपलें मत जात नाहीं.

बुलढाणा जिल्ह्यांत पाहुणा आला म्हणजे आपण त्यास लोणारचें दैत्यसूदन मंदिर आणि सिंदखेड राजा येथील लखुजी जाधवरावांचा राजवाडा हौसेनें दाखवितों. तें योग्यच. पण या वास्तूंचें परीक्षण काळानें केव्हांच केलें आहे. काल-परवां उभ्या राहिलेल्या शाळेची, दवाखान्याची, ग्रामपंचायतीची गोष्ट निराळी. त्यांविषयीं आपण मुके राहिलों, तर त्याच नकाशाची दुसरी इमारत शेजारच्या गांवीं उभी राहते. म्हणून आजच्या वास्तुकलेची चिकित्सा ही केवळ पंडितांची करमणूक नव्हे. तें नागरिकाचें काम आहे.

मग इमारत वाचावी कशी? मी शिल्पशास्त्रज्ञ नव्हे, शिक्षक आहें. तेव्हां शिक्षकाच्या संवयीप्रमाणें तीन प्रश्न घालून देतों.

पहिला प्रश्न हवेचा. आपला जिल्हा घाटानें दुभागला आहे. घाटावर बुलढाणा, चिखली. घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्यांत मलकापूर, नांदुरा, शेगांव. खालचा उन्हाळा अधिक कडक. सिमेंटचा उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रीं तें खोलींत ओततो. जुन्या धाब्याच्या घरांत मातीचा जाड थर ही उष्णता थोपवून धरीत असे. तेव्हां घाटावरचा नकाशा घाटाखालीं जसाच्या तसा उतरलेला दिसला, तर समजावें कीं रचनाकारानें हवेचा विचारच केला नाहीं.

दुसरा प्रश्न बळकटीचा. जुनें तें सारें चांगलें, असें म्हणणाऱ्यांनीं किल्लारी विसरूं नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे लातूर आणि तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला आणि हजारों माणसें झोपेंतच गाडलीं गेलीं. माळवदाची माती जड होती. दगडी भिंती मातींत रचलेल्या होत्या. भिंतीच्या दोन्ही बाजू एकमेकींत गुंतविणारे लांब दगड बहुधा नव्हते. जें छप्पर उन्हाळ्यांत माउली होतें, तेंच त्या पहांटे काळ झालें. एका प्रश्नास उत्तीर्ण झालेली इमारत दुसऱ्यास अनुत्तीर्ण होऊं शकते.

तिसरा प्रश्न माणसाचा. त्या भूकंपानंतर पन्नासाहून अधिक गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. घरें पूर्वींपेक्षां भक्कम झालीं. परंतु पुष्कळ ठिकाणीं रस्ते सरळ, घरें ओळीनें, अशी शहरी वसाहतीची मांडणी आली. गुरें कोठें बांधावीं, औतें कोठें ठेवावीं, याचें उत्तर नकाशांत पुरतें नव्हतें. तें लोकांनीं पुढें आपल्या हातानें, पत्रे ठोकून लिहिलें. असे पत्रे दिसले कीं आपण त्यांस विद्रूप म्हणतों. मी त्यांस रहिवाशांची टीका म्हणतों, आणि ती प्रथम वाचावी असें सांगतों.

या तिसऱ्या प्रश्नाचा विचार आधींच केलेली एक वसाहत आपल्या राज्यांत आहे. नवी मुंबईंत बेलापूर येथें चार्ल्स कोरिआ यांनीं १९८० नंतरच्या दशकांत ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ रचलें. सात घरांमध्यें एक अंगण. अशा तीन पुंजक्यांचा, म्हणजे एकवीस घरांचा, एक मोठा चौक. कोणत्याहि दोन घरांची भिंत सामाईक नाहीं. म्हणून शेजाऱ्याची परवानगी न मागतां ज्यानें त्यानें आपलें घर वाढवावें. पुढें अनेक मालकांनीं मूळ घरें पाडून मोठीं बांधलीं. कोणी म्हणेल, रचना फसली. दुसरा म्हणेल, बदलाची मोकळीक हाच हेतु होता, तो सफळ झाला. माझ्या मतें निवाडा घरांवरून नव्हे, अंगणांवरून व्हावा. जेथें सातांचें अंगण अजून सातांचें आहे, तेथें रचनाकार जिंकला.

श्रोतेहो, नव्या इमारतीचें दर्शन उद्घाटनाच्या दिवशीं घेऊं नये. त्या दिवशीं तोरणेंच दिसतात. ती वैशाखांतील दुपारीं पहावी, श्रावणाच्या झडींत पहावी, आणि दहा वर्षांनीं पुन्हा पहावी. झाडणाऱ्या बाईस विचारावें, शेवटच्या बांकावरील मुलास विचारावें.

माझ्या शिक्षकबंधूंस एक विनंति आहे. या वर्षीं मुलांस निबंधाचा विषय द्यावा: ‘आमच्या शाळेची इमारत’. वर्णन नको, परीक्षण हवें. फळ्यावर उजेड कोठून पडतो, छपराचें पाणी कोठें जातें, दुपारीं वर्गांतील तपमान किती आणि बाहेरच्या झाडाखालीं किती, हें त्यांनीं मोजून लिहावें. तीं मुलें उद्यां ग्रामसभेंत बसतील. नव्या इमारतीचा नकाशा समोर येईल, तेव्हां त्यांच्यापैकीं एकानें तरी उभें राहून ‘हें छप्पर असें कां?’ एवढें विचारलें, तरी गांवाचा पैसा आणि गांवाचें सुख दोन्ही वांचतील.