शस्त्रक्रियेनंतर शाळेत आलेले मूल
(केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजचा विषय उच्चारताना थोडा संकोच वाटावा असा आहे. शौचाविषयी चारचौघांत बोलू नये, असा आपल्याकडील शिष्टाचार आहे आणि एरवी तो योग्यही आहे. परंतु ज्या संकोचापायी एखादे मूल शाळेला मुकते, तो संकोच शिक्षकाने बाळगणे बरे नव्हे.

काही वर्षांपूर्वी एका शाळेची तपासणी करीत असता दुसरीच्या वर्गाचा हजेरीपट माझ्यासमोर आला. एका मुलाच्या नावापुढे सकाळच्या सत्रात बहुधा हजेरी आणि दुपारच्या सत्रात बहुधा गैरहजेरी, असा क्रम कित्येक आठवडे चालला होता. गुरुजींस विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘जेवणाची सुट्टी झाली की दप्तर उचलून घरी जातो. पोषण आहारही घेत नाही.’’ मी भेटीच्या नोंदवहीत शेरा लिहिला : ‘पालकांस समज द्यावी.’ असा शेरा लिहिण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

पुढच्या भेटीच्या वेळी त्या मुलाची आई शाळेत येऊन थांबली होती. ती म्हणाली, ‘‘साहेब, तान्हा असताना त्याच्या आतड्याचं ऑपरेशन झालंय. जेवला की त्याला लगेच परसाकडे लागते. कधी कधी त्याला कळतही नाही. शाळेच्या संडासाला आतून कडी नाही, पोरं दार ढकलतात. म्हणून तो जेवतच नाही, घरी पळून येतो.’’ माझा शेरा मला माझ्याच हाताने खोडावा लागला. त्या दिवसापासून हा विषय मी समजून घेऊ लागलो. जे समजले, ते आपणांपुढे ठेवतो.

आपल्या मोठ्या आतड्याच्या भिंतीत ज्ञानतंतूंच्या सूक्ष्म पेशी असतात. त्यांच्यामुळे आतडे क्रमाने आकुंचन आणि प्रसरण पावते व मळ पुढे सरकतो. काही बालकांत गर्भावस्थेतच या पेशी आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत पोहोचत नाहीत. तो भाग आवळलेला राहतो, मळ अडतो आणि त्याच्या वरचे आतडे फुगत जाते. कोपनहेगन येथील बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी 1886 साली बर्लिन येथे अशा दोन बालकांचे वर्णन सादर केले, म्हणून या विकारास त्यांचे नाव मिळाले. साधारणतः पाच हजार जन्मांमागे एका बालकास तो असतो आणि मुलींपेक्षा मुलांत सुमारे चौपट आढळतो. आईच्या आहाराचा, ग्रहणाचा वा कोणाच्या दोषाचा याच्याशी काही संबंध नाही, हे गावात आपणच ठामपणे सांगितले पाहिजे.

1948 साली अमेरिकेत स्वेन्सन आणि बिल या शस्त्रवैद्यांनी यावर उपयुक्त ठरलेली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. पेशी नसलेला भाग काढून टाकावयाचा आणि वरचे निरोगी आतडे खाली ओढून गुदद्वाराजवळ जोडावयाचे, हे तिचे तत्त्व होय. पुढे तिच्या अनेक सुधारित पद्धती निघाल्या, परंतु तत्त्व तेच राहिले. काही बालकांत आधी पोटावर शौचाचा तात्पुरता मार्ग काढतात व तो नंतर बंद करतात. या शस्त्रक्रियेने बहुसंख्य बालकांचे प्राण वाचतात आणि ती वयानुसार शाळेत येतात.

मात्र शस्त्रक्रिया झाली म्हणजे शौचाची क्रिया इतर मुलांसारखी झालीच, असे नव्हे. आपल्या कामाचा भाग येथून सुरू होतो. काही मुलांना शौचाची भावना अस्पष्ट येते किंवा ती आल्यावर थांबवून धरण्याची शक्ती कमी असते. काहींना दिवसातून अनेकदा जावे लागते. काहींस उलट बद्धकोष्ठ होते, आणि साठलेल्या कठीण मळाच्या कडेने पातळ मळ नकळत झिरपून चड्डी खराब होते. बाहेरून पाहणाऱ्यास ते जुलाब वाटतात, वस्तुतः ते बद्धकोष्ठ असते. म्हणूनच ‘याला जुलाब थांबण्याचे औषध द्या,’ असा सल्ला आपण कधीही देऊ नये. औषध, आहार व बस्ती यांचा निर्णय डॉक्टरांचा. जेवणानंतर आतड्याची हालचाल वाढणे हा तर सर्वांच्याच शरीराचा नियम आहे. या मुलांना तो अधिक जाणवतो, इतकेच. आपल्याजवळच्या वासाची नाकाला सवय होत असल्यामुळे मुलास स्वतःला वास येत नाही, हेही ध्यानात असावे. ‘एवढा वास येतो, तुला कळत नाही?’ या प्रश्नाचे खरे उत्तर ‘नाही’ असेच असते.

तेव्हा अशा मुलाचे कपडे खराब होणे हा आळस नव्हे, खोडी नव्हे आणि घरच्या वळणाचा दोषही नव्हे. शिक्षेने आतड्यास ज्ञानतंतू फुटत नाहीत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे. अशा मुलास वेगळे बसविणे किंवा वर्गासमोर लाजविणे हा मानसिक छळच होय.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो. यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

प्रथम शौचालय पाहा. दारास आतून कडी आहे काय, बादलीत पाणी आणि साबण आहे काय, हे शिक्षकाने स्वतः आत जाऊन पाहावे. दुसरे, या मुलास न विचारता उठून जाण्याची मुभा असावी. हात वर करून परवानगीची वाट पाहण्याइतका अवधी त्याच्यापाशी नसतो. परीक्षेच्या वेळीही हीच मुभा राहावी. त्याची जागा दाराजवळ असावी, पण एकट्याची नसावी. शेजारी त्याचा सोबती असावा. तिसरे, जेवणानंतर दहा मिनिटे शांतपणे शौचास बसण्याची वेळ पालकांशी बोलून ठरवावी. नियमित वेळेचा बऱ्याच मुलांना लाभ होतो. कपडे खराब होतील या भीतीने मूल अन्नपाणी टाळत नाही ना, यावर लक्ष ठेवावे.

चौथे, कपड्यांचा एक जोड, एक लहान टॉवेल आणि ओले कपडे ठेवण्याची पिशवी मुख्याध्यापकांच्या कपाटात असावी. मूल स्वतः स्वच्छता करू शकत असेल तर करू द्यावी. लहान असेल तर मदत कोणी करावयाची, हे पालकांच्या संमतीने आधीच ठरवावे. दुसऱ्या विद्यार्थ्यांवर हे काम कदापि टाकू नये. पाचवे, ही गोष्ट वर्गात जाहीर करू नये व हजेरीपटावर कारण लिहू नये. मुलांनी विचारलेच तर, पालकांची संमती असल्यास, ‘त्याच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे,’ एवढे उत्तर पुरे. सहावे, वर्ग बदलताना किंवा आपली बदली होताना पुढील शिक्षकास हे सर्व खाजगीत सांगावे. नाहीतर प्रत्येक जूनमध्ये त्या आईला नव्याने सारे सांगत बसावे लागते.

एक गोष्ट मात्र विलंब न लावता करावयाची. या मुलांना शस्त्रक्रियेनंतरही आतड्याच्या गंभीर दाहाचा धोका राहतो. पोट फुगणे, ताप, अतिशय दुर्गंधीयुक्त पातळ शौच, उलटी, मूल मलूल होणे, यांपैकी काही लक्षणे एकत्र दिसली, तर ते साधे पोट बिघडणे समजून त्यास वर्गात निजवून ठेवू नये. पालकांस तत्काळ कळवून त्यास रुग्णालयात पोहोचवावे. वाहन नसल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. पूर्वीच्या शस्त्रक्रियेची माहिती तेथील डॉक्टरांस आवर्जून सांगावी. येथे उशीर जिवावर बेतू शकतो.

कपडे खराब करणाऱ्या प्रत्येक मुलास हाच विकार असतो, असेही समजू नये. पुष्कळदा कारण साध्या जुनाट बद्धकोष्ठाचे असते. निदान आपण करू नये. आरोग्य तपासणीचे पथक शाळेत येईल तेव्हा, वा त्याआधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात, मुलास दाखविण्यास पालकांस सांगावे. वर सांगितलेली व्यवस्था मात्र कोणत्याही कारणासाठी उपयोगी पडते.

त्या शाळेत गुरुजींनी दुसऱ्याच दिवशी बाजारातून कडी आणून बसविली आणि मुलास न विचारता उठण्याची मुभा दिली. मुलाचा त्रास संपला नाही. अधूनमधून कपडे बदलावे लागतच होते. अनेक मुलांना वय वाढेल तसा ताबा येत जातो, पण त्याला वर्षे लागतात, आणि काहींची अडचण मोठेपणीही राहते. तथापि त्या वर्षीच्या वार्षिक तपासणीत मी तो हजेरीपट पुन्हा मागविला. दुपारच्या सत्रातील रकाने बहुतेक भरलेले होते, आणि जेवणाच्या पंगतीत तो मुलगा दुसऱ्यांदा खिचडी मागत होता.

आपल्या शाळेत परत गेल्यावर आपण दोनच गोष्टी कराव्यात, एवढी माझी विनंती आहे. हजेरीपटावर दुपारी नाहीसे होणारे नाव शोधावे आणि शौचालयाची कडी लावून पाहावी. शेरा त्यानंतर लिहावा.