मागच्या भावाची साक्ष

नाशिक, मालेगाव, मनमाड, येवला, कळवण अशा गावोगावांहून आलेल्या कर सल्लागार व वाणिज्य शाखेच्या अध्यापक मित्रांनो,

या परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान दिलात, मी ऋणी आहे. चांदवडला, रेणुकामातेच्या पायथ्याशी, अहिल्याबाई होळकरांच्या रंगमहालाच्या गावात, जिथे एके काळी रुपये पाडणारी टाकसाळ होती, तिथे पैशाविषयी बोलायला मिळतंय याचा मनापासून आनंद आहे.

प्रथेप्रमाणे अध्यक्षाने आढावा घ्यायचा असतो. तो उरकतो. नवा प्राप्तिकर कायदा २०२५ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. सूचीबद्ध शेअरवरच्या दीर्घकालीन नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के कर, वर्षाला सव्वा लाखापर्यंत सूट. हे तुम्हा सर्वांना पाठ आहे. आढावा इथेच थांबवतो, कारण कित्येक वर्षं मनात साचलेली एक गोष्ट मला आज बोलायची आहे.

आपल्या तालुक्यातला पोरगा आज फोनवर कुठल्याही कंपनीचा वीस वर्षांचा भाव बोटाच्या टोकावर पाहतो. तो भाव त्याला वाचता येत नाही. ज्यांनी शिकवायचं ते आपण गप्प बसलो, आणि ती जागा आलेखावर रेघा मारून भविष्य सांगणाऱ्यांनी घेतली. माझी तक्रार त्यांच्याविषयी कमी आणि आपल्याविषयी जास्त आहे.

सकाळच्या सत्रात आलेख श्रेष्ठ की ताळेबंद, यावर दीड तास वाद झाला. दोन्ही बाजूंनी तावातावाने बोललं गेलं. पण ज्या आकड्यांवर तुम्ही भांडता ते आकडे मुळात काय आहेत, हे एकाही वक्त्यानं विचारलं नाही. मी माझ्या टेबलासमोर घडलेलं सांगतो.

अमळनेर माहेर असलेल्या एक बाई मुलाला घेऊन आल्या. अमळनेरचं नाव घेतलं की शेअर कोणते हे इथे सांगायला नको. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाची कंपनी उभी राहिली, तिची पुढे विप्रो झाली, आणि ज्यांनी शेअर धरून ठेवले त्यांची घरं बदलली. मुलाच्या हातात आजोबांची वही होती. निळ्या शाईत तारीख, नग, दर, दलाली, सगळं नीट लिहिलेलं. तो म्हणाला, ‘काका, आजोबांना फसवलंय. वहीत दर आहे त्याच्या शेकडो पट कमी भाव त्या वर्षी होता, हा बघा फोनवर. खरेदी मामांनी केली होती. मधले पैसे मामांनीच खाल्ले.’ आई मान खाली घालून बसली होती. भाऊबीजेला भावाकडे जाणं बंद करण्यापर्यंत गोष्ट गेली होती.

मी कागद ओढला आणि पेन्सिलीनं लिहीत गेलो. १९९७ मध्ये एका शेअरवर दोन बोनस, म्हणजे एकाचे तीन. १९९९ मध्ये दहा रुपये दर्शनी किमतीच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच, झाले पंधरा. २००४ मध्ये पुन्हा एकावर दोन, पंचेचाळीस. २००५ मध्ये एकावर एक, नव्वद. २०१० मध्ये तीनावर दोन, दीडशे. २०१७ मध्ये एकावर एक, तीनशे. २०१९ मध्ये तीनावर एक, चारशे. २०२४ मध्ये एकावर एक, आठशे. २०१३ चं कंपनीचं विभाजन यात धरलेलंच नाही. म्हणजे १९९७ च्या बोनसआधी घेतलेल्या एका शेअरचे आज आठशे झाले. फोनवर दिसणारा जुना भाव हा या आठशेनं भागलेला भाव असतो. त्या दिवशी बाजारात त्या दरानं एकही सौदा झालेला नसतो. आजोबांची वही खरी होती आणि मामा निर्दोष होते. मुलानं माझ्यासमोरच मामांना फोन लावला.

हा भागाकार चुकीचा नाही, हे लक्षात घ्या. आलेख सलग दिसावा, बोनसच्या दिवशी भाव कोसळला असं वाटू नये, म्हणून तो करावाच लागतो. पण कोणता भाव कोणत्या कामाला वापरायचा हे कळलं नाही की पदरचे पैसे जातात. आपल्या रोजच्या कामातलंच उदाहरण घ्या. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या शेअरला त्या दिवसाचा सर्वोच्च भाव खरेदी किंमत म्हणून धरण्याची सवलत आहे. अर्थात विक्रीच्या किमतीच्या मर्यादेत. इन्फोसिसनं सप्टेंबर २०१८ मध्ये एकावर एक बोनस दिला. आज संकेतस्थळावर ३१ जानेवारी २०१८ चा भाव पाहिला तर तो निम्मा दिसतो. कायद्यानं मूळ शेअरला त्या दिवशीचा पुरा भाव लागतो आणि नंतर मिळालेल्या बोनसला शून्य. माझ्याकडे तपासायला आलेल्या विवरणपत्रांत मूळ शेअरला निम्मा भाव आणि बोनसला शून्य, असा दोन्हीकडून मार खाल्लेला हिशोब मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. कर भरायचा नव्हता तिथे लोकांनी कर भरला. शेअर बाजार रोज संध्याकाळी भावकॉपी प्रसिद्ध करतो, तिच्यात त्या दिवसाचा खरा उघडता, चढा, उतरता आणि बंद भाव असतो. ती उघडायची तसदी घेतली असती तर हे टळलं असतं.

बजाज ऑटोचंही असंच. आपल्या भागात दूधवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत अनेकांनी हा शेअर घरचा म्हणून सांभाळला. आज या नावानं भाव शोधाल तर तो मे २००८ पासूनच सुरू होतो. त्या वर्षी कंपनीचं विभाजन झालं. जुनी कंपनी बजाज होल्डिंग्ज झाली आणि बजाज ऑटो हे नाव नव्या कंपनीला मिळालं. भागधारकाला एका जुन्या शेअरवर नव्या बजाज ऑटोचा एक आणि बजाज फिनसर्व्हचा एक शेअर मिळाला. ज्यानं १९९५ साली घेतले त्याचा खरा परतावा तीन कंपन्यांचे भाव एकत्र मांडल्याशिवाय निघत नाही. कुठलाही आलेख हे आपणहून सांगत नाही.

आता आलेखवाल्या मित्रांकडे वळतो. मनमाडचे एक निवृत्त शिक्षक फार मेहनतीनं तक्ता करून आले. आजच्या निफ्टीतल्या पन्नास कंपन्या घ्यायच्या, वीस वर्षं मागे जायचं, सगळ्यांत सारखे पैसे गुंतवले असते तर काय झालं असतं ते काढायचं. आकडा डोळे दिपवणारा होता. निवृत्तीचे पैसे ते त्याच हिशोबानं लावणार होते. मी विचारलं, ‘गुरुजी, सत्यम कुठंय? युनिटेक कुठंय? रिलायन्स कम्युनिकेशन्स कुठंय?’ या तिन्ही एके काळी निफ्टीतच होत्या. ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या रामलिंग राजूंचं कबुलीपत्र आलं आणि एका दिवसात भाव पावणेदोनशेच्या आसपासवरून चाळीसवर आला. त्या त्या वेळची निफ्टीची यादी पाहून पैसे लावणाऱ्याच्या हाती ही नावं असती. आजची यादी ही टिकलेल्यांची यादी आहे. गुरुजींनी तक्ता घडी करून पिशवीत ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचे पैसे वाचले, पण अशा किती गुरुजींच्या टेबलापलीकडे हा प्रश्न विचारणारं कुणी बसलेलं असतं?

‘बाजार शेवटी वरच जातो’ हे वाक्य सकाळी तीन वेळा ऐकलं. सेन्सेक्सचा पाया १९७८-७९ चा शंभर. २२ एप्रिल १९९२ ला, हर्षद मेहताच्या काळात, तो ४,४६७ वर बंद झाला. एप्रिल २००३ मध्ये, अकरा वर्षांनी, तो तीन हजारांच्या खाली होता. या अकरा वर्षांत किती मुलींची लग्नं, किती जणांची निवृत्ती येऊन गेली असेल! जपानचा निक्केई डिसेंबर १९८९ मधल्या शिखरावर परत पोचायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. जुन्या भावातून शिकायचं असेल तर हे शिका, की किती खोल पडू शकतं आणि वर यायला किती काळ लागू शकतो. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडला. तेवढी पडझड माझ्या घरखर्चाला झेपेल का, या प्रश्नाचं उत्तर द्यायला मागचा भाव उपयोगी पडतो. उद्या सव्वानऊला काय होईल हे तो सांगत नाही.

आणि नुसता भावही पुरत नाही. आपल्याकडे लासलगावचा किंवा चांदवडचा कांद्याचा दर ऐकताना शेतकरी लगेच विचारतो, आवक किती होती? कमाल भाव एका ट्रॉलीला मिळाला की सगळ्यांना? तोच शेतकरी शेअर घेताना उलाढाल पाहत नाही. दिवसाला शे-दोनशे शेअरचा व्यवहार होणाऱ्या कंपनीचा चढता आलेख पाहून माणसं घेतात आणि विकायला जातात तेव्हा घेणारा नसतो. लाभांशाचंही तसंच, तो या आलेखात दिसतच नाही. सेबीनं फेब्रुवारी २०१८ पासून म्युच्युअल फंडांना लाभांश धरलेल्या निर्देशांकाशीच तुलना करायला लावली. फंडांना जे सक्तीचं झालं ते आपण क्लायंटला अजून समजावत नाही.

याचा परिणाम डोळ्यांसमोर आहे. फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांनी २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत तोटा केला, हे सेबीचा २०२४ चा अभ्यास सांगतो. त्यांत आपल्या तालुक्यातली, कांद्याच्या पट्टीचे पैसे फोनमधून घालवणारी पोरं आहेत. त्यांचे बाप माझ्याकडे येऊन बसतात. पोरांना मूर्ख म्हणायला मी तयार नाही. त्यांच्याकडे आकडे होते, ते वाचायला शिकवणारा नव्हता.

म्हणून या परिषदेनं एक काम हाती घ्यावं असं मला वाटतं. आपल्या भागात ज्या कंपन्यांचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या आहेत त्यांच्या बोनस, तुकडे, विभाजन, नावबदल यांची मराठीतली एक नोंदवही तयार व्हावी, आणि जमलं तर तिच्यासोबत लहानशी पुस्तिका. कोण, केव्हा, कशी, हे कार्यकारिणीनं पुढच्या बैठकीत ठरवावं. माझ्याजवळच्या नोंदी मी देईन.

तोवर एक विनंती. घर आवरताना जुन्या काँट्रॅक्ट नोटा, वाटपपत्रं, लाभांशाची पत्रं आणि हातानं लिहिलेल्या वह्या क्लायंटला फेकू देऊ नका. सात वर्षं लाभांश न उचललेले शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात, आणि ते परत मागताना हेच कागद लागतात. कपाटात जागा नाही म्हणाले तर आपल्या कार्यालयात ठेवून घ्या.