संगणक आणि मागे पडलेले मूल



प्राथमिक शाळेत संगणकाच्या साह्याने गणित शिकवावे काय, हा प्रश्न निघाला की आपल्यातील जुन्या मंडळींच्या मनात प्रथम संशय डोकावतो. १९८०च्या दशकात बँकांच्या संगणकीकरणाविरुद्ध निघालेल्या मोर्चांत मीही चाललो होतो. तो लढा नोकऱ्यांचा होता. शाळेतील संगणकाची पारख मात्र एकाच कसोटीवर व्हावयास हवी: महापालिकेच्या शाळेत मागे पडलेल्या मुलास त्यामुळे गणित येऊ लागते काय?

या प्रश्नाचे बरेचसे उत्तर बडोद्यात मिळाले आहे. २००० साली गुजरात सरकारने तेथील शंभर महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी पाहावे तो प्राथमिक वर्गांतील मुलांच्या हाती ते फारसे आलेच नव्हते. (खरेदीचा उत्साह आणि वापराची अनास्था आपल्याकडेही अपरिचित नाही.) मग ‘प्रथम’ या संस्थेने चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ आणले. आठवड्यातून दोन तास, एका यंत्रापुढे दोन मुले. मुलाच्या कुवतीप्रमाणे प्रश्न सोपे वा कठीण होत. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार गणिताचे गुण पहिल्या वर्षी ०.३५, तर दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलनाने वाढले. शैक्षणिक प्रयोगांत ही वाढ मोठीच समजली जाते. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने मात्र ती ०.१च्या आसपास उरली.

त्याच अभ्यासात, मुंबई व बडोदे येथे, दुसरा एक प्रयोग होता. वस्तीतीलच एक शिकलेली तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन बसे आणि त्यांना जेवढे येते तेथून आरंभ करी. तिला ‘बालसखी’ म्हणत. दुसऱ्या वर्षी मुलांच्या गुणांत ०.२८ची वाढ दिसली. तिचाही परिणाम पुढे ओसरला, हे सांगितले पाहिजे. परंतु दर मुलामागे वार्षिक खर्च बालसखीवर सुमारे सव्वादोन डॉलर, तर संगणकावर सुमारे पंधरा! आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. ही मुले बाहेर गेल्यामुळे मूळ वर्ग लहान झाला, तरी वर्गात उरलेल्या मुलांची लक्षणीय प्रगती झाली नाही. शिक्षक पाठ्यपुस्तकाच्या वेगानेच पुढे जात राहिले. म्हणजे यंत्राने जे साधले ते, मूल जेथे अडले तेथे थांबल्यामुळे साधले असावे. आणि हे थांबणे पाटी-पेन्सिल घेऊन बसलेल्या माणसालाही जमते.

तरीही यंत्रालाच पैसा का मिळतो? खरेदी एकदाच होते, तिची निविदा निघते, उद्घाटनाचे छायाचित्र छापून येते. मानधन दरमहा द्यावे लागते आणि त्याची फीत कोणी कापत नाही.

म्हणून आपल्या नगरपालिकेत संगणक खरेदीचा ठराव येईल तेव्हा त्यास विरोध करू नका. मात्र त्याच बैठकीत विचारा, बालसखीच्या मानधनासाठी अंदाजपत्रकात तरतूद किती, आणि संगणकाच्या खोलीची किल्ली कोणाकडे राहणार?