घरातली भिंत आणि बाहेरचा बाजार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



फायरवॉल हा शब्द ऐकून पुष्कळ पालक बिचकतात. वस्तुतः घरात इंटरनेट आणणाऱ्या राउटरमध्ये बहुधा हा पहारेकरी असतोच. कोणी न मागवता बाहेरून येऊ पाहणारे तो दारात अडवतो. त्याच्या जोडीला गाळणीही बसवता येते. क्लाउडफ्लेअर या कंपनीने 2020 मध्ये अशी एक सेवा विनामूल्य सुरू केली. राउटरच्या डीएनएस या रकान्यात 1.1.1.3 आणि 1.0.0.3 हे आकडे भरले की अश्लील व घातक संकेतस्थळांचे पत्ते घरातील उपकरणांना सहसा मिळत नाहीत. राउटरचा मूळ पासवर्ड मात्र आधी बदलावा. नाहीतर 12 वर्षांचा मुलगाही ही व्यवस्था उलटी फिरवील.

इतके अवश्य करावे. परंतु ही गाळणी पाकिटावरचा पत्ता वाचते, आतले पत्र नाही. त्यामुळे चित्रफितींचे एखादे संकेतस्थळ एक तर पूर्ण उघडे राहते, नाहीतर पूर्ण बंद. त्यावर मुलापुढे पुढची चित्रफीत कोणती येते, खेळता खेळता कोणता अनोळखी इसम त्याच्याशी सलगी करतो, हे तिला दिसत नाही. आणि मुलाने मोबाईलचा डेटा चालू केला की भिंत मागेच राहिली!

खरा प्रश्न येथे सुरू होतो. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि श्रमिकांच्या घरात इंटरनेट शिरले ते मोबाईलमधून. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या घरी राउटर नसतो. एकच मोबाईल असतो, आणि ती परतली की तो मुलांच्या हाती जातो. 2020 च्या टाळेबंदीत तर शाळेनेच तो त्यांच्या हाती दिला. तिने कोणती भिंत बांधावी?

नळाला फडके बांधणारी गृहिणी शहाणीच. पण म्हणून नगरपालिकेची जलशुद्धीकरणातून सुटका होत नाही. मुलाची नजर जितका वेळ पडद्यावर खिळते, तितके कंपनीचे जाहिरातींचे उत्पन्न वाढते. हरवलेली झोप आणि भीती यांची किंमत कुटुंब मोजते. सांडपाणी ओढ्यात सोडणाऱ्या कारखान्याचा हिशेब याहून वेगळा नसतो.

2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींस मनाई केली. भंगास 200 कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. नियम मात्र नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरील मुख्य बंधनांना आणखी 18 महिन्यांची मुदत मिळाली. शिवाय सूट देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे राखला आहे. ही सूट कोणाला मिळते, इकडे पक्षाचे लक्ष हवे.

आणखी एक गोष्ट. अनेक घरांत भिंत मुलीपुरतीच उभारली जाते. मुलगा मोकळा असतो. धमकावली जाणारी मुलगी मग घरात बोलत नाही, कारण बोलली तर मोबाईल जाईल आणि कदाचित शाळाही, हे तिला ठाऊक असते. शाखांच्या अभ्यासिकांत राउटर असेल तेथे वरील आकडे भरावेत. आणि बालकांच्या मदतीचा 1098 हा क्रमांक मुलींना सहज दिसेल अशा जागी ठळक लिहावा.