गाडीतली ऊब, जिवाची काळजी

ब्रिटनमध्ये प्लंबर, सुतार, इलेक्ट्रिशियन यांची व्हॅन म्हणजे चाकांवरचं दुकानच. कडाक्याच्या थंडीत डबाही तिथंच खायचा. म्हणून काही कारागीर तिच्यात गॅस हीटर बसवतात.

यासाठी योग्य हीटरची ज्योत बंद पेटीत जळते. तिला लागणारी हवा एका नळीनं बाहेरून येते, धूर दुसऱ्या नळीनं बाहेर जातो. आत येते ती फक्त तापलेली हवा. उघड्या ज्योतीची शेगडी मात्र आतलाच प्राणवायू खाते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडू शकते. या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक ओढीनं चिकटतो.

थंड मुलखात सिलिंडर प्रोपेनचा घेतात. ब्युटेनची वाफ शून्य अंशाच्या आसपासच होईनाशी होते. प्रोपेनची उणे ४२ अंशांपर्यंत होते. दोन्ही वायू हवेपेक्षा जड, गळले की तळाशी साचतात. म्हणून सिलिंडर वेगळ्या बंद कप्प्यात, उभा आणि पक्का बांधलेला हवा. कप्प्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक हवं. जोडणी जाणकाराकडूनच करून घ्यावी, सांधे साबणाच्या फेसानं तपासावेत आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा.

आपल्या न्हाणीघरातल्या गॅस गीझरलाही हाच नियम लागू आहे. ऊब आत घ्या, पण धुराला बाहेरची वाट आणि ताज्या हवेला आतली वाट नक्की ठेवा.