परगावचे समन्स
(व्याख्यान)



ज्याच्याविरुद्ध दावा आहे त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून निकाल देऊ नये, हे न्यायाचे पहिले तत्त्व होय. शतकानुशतके ज्यांचे म्हणणे कोणी ऐकूनच घेतले नाही, त्यांना या तत्त्वाचे मोल दुसऱ्याने सांगावयास नको. समन्स हा शिक्षेचा हुकूम नव्हे. 'या, आणि आपली बाजू मांडा,' असे ते न्यायालयाचे बोलावणे आहे.

आपली कुटुंबे पोटासाठी विखुरली आहेत. समजा, शेत बीड जिल्ह्यात आहे आणि धाकटा भाऊ सुरतेस कामाला आहे. शेताच्या वाटपाचा दावा बीडला लागला, तर त्याला कसे कळावे? १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने वाट आखून दिली आहे. बीडचे न्यायालय समन्स सुरतेच्या न्यायालयाकडे पाठविते. ते न्यायालय जणू आपलेच समन्स आहे असे मानून बेलिफाकरवी बजावते आणि अहवाल परत धाडते. न्यायालयाने आदेश दिल्यास पोचपावतीसह थेट टपालानेही बजावणी होते. परदेशी राहणाऱ्यांसाठी १९६५ चा हेग करार असून भारत त्यात २००६ साली सामील झाला.

माणूस घरी नसेल व लवकर भेटण्यासारखा नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातील सज्ञान व्यक्तीकडे समन्स देता येते. पूर्वी ती व्यक्ती पुरुषच असावी लागे. दिवाणी कामात १९७६ च्या दुरुस्तीने आणि फौजदारी कामात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ही अट दूर केली. तेव्हा भगिनींनो, हाती आलेला कागद पेटीत ठेवू नका. ज्याचा त्याला त्याच दिवशी कळवा.

कागद नाकारल्याने दावा टळत नाही. बेलिफ तो दारावर चिकटवितो, आणि पक्षकार हजर न राहिल्यास एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. परंतु प्रतिपक्षाने मुद्दाम जुना पत्ता दिला व समन्स रीतसर बजावलेच नाही, तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून ३० दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो. मात्र तारखेची माहिती व हजर राहण्यास पुरेसा अवधी असूनही घरी बसलेल्यास, केवळ बजावणीतील उणिवेवर बोट ठेवून हा लाभ मिळत नाही.

वकिलासाठी पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यान्वये स्त्रिया व अनुसूचित जातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळू शकते. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांचाही त्यात समावेश झाला. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

समन्स आले की ते घ्या, तारीख पाहा, आणि त्या दिवशी स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहा. बोलण्याचा हक्क मिळाला आहे. तो गैरहजेरीने घालवू नका.

जय भीम!