आपली एकादशी कोणती?
(शताब्दी सोहळ्यातील भाषण)



दिनदर्शिकेत दोन एकादश्या छापलेल्या दिसल्या की गावोगाव प्रश्न येतो, आपली कोणती? एके वर्षी आमच्या गावात यावरून वाद झाला. कोणी म्हणालं आज, कोणी म्हणालं उद्या. घरात तंटा नको म्हणून कित्येक सुनांनी दोन्ही दिवस उपवास काढला, तोही ऐन खुरपणीत. त्यांच्यासाठी हे दोन शब्द.

वार सूर्योदयाला बदलतो. तिथीचं तसं नाही. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते, मग ती वेळ दुपारची असो की मध्यरात्रीची. चंद्राची चाल कधी जलद, कधी मंद. त्यामुळे तिथी कधी वीस तासांची, तर कधी सव्वीस तासांची. साधारणपणे उगवतीला जी तिथी असेल, ती त्या दिवसाची धरायची.

एकादशीला मात्र आणखी एक गोष्ट बघतात. सूर्योदयाआधीच्या चार घटका म्हणजे अरुणोदय. घटका २४ मिनिटांची, म्हणजे ही ९६ मिनिटं झाली. तेवढ्या वेळात दशमी शिल्लक असेल तर ती एकादशी दशमीने विद्ध झाली. मग भागवत धर्माचे लोक तो दिवस सोडून पुढचा धरतात. पहिली स्मार्त, दुसरी भागवत. आपण वारकरी भागवत एकादशी धरतो. उपवास एकच!

आता आषाढीची तारीख. बारा चांद्रमास ३५४ दिवसांत संपतात, म्हणून आषाढी दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते. २०२२ साली ती १० जुलैला होती, २०२३ साली २९ जूनला. अशीच मागं सरत राहिली तर वारी उन्हाळ्यात जाईल. म्हणून साधारण पावणेतीन वर्षांनी अधिकमास येतो. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि २०२४ ची आषाढी १७ जुलैला गेली. पेरणी आणि वारी यांची सांगड अशी टिकते.

लग्नाला, वास्तूला मुहूर्त जरूर बघावा. नाम घ्यायला मुहूर्त लागत नाही. पण सगळ्यांनी एकाच दिवशी चंद्रभागेवर भेटायचं तर तिथी लागतेच.

म्हणून दिंडीला आमची विनंती आहे. दोन एकादश्या येतील तेव्हा आदल्या कीर्तनातच आपली कोणती ते जाहीर करावं. देवाच्या नावानं कुणी माउली दोन दिवस उपाशी राहू नये.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!